एका इंजिनाची दोन बिलं

जुन्या स्पोर्ट्स कारचं इंजिन पुन्हा बांधायला किती खर्च येतो? ऑफिसात गाड्यांचा विषय निघाला की हा प्रश्न कुणीतरी विचारतंच. मग कुणी परदेशातल्या मामेभावाकडून ऐकलेला आकडा सांगतो, कुणी त्याच्या दुप्पट सांगतो, सगळे "बापरे!" म्हणतात आणि चहा संपतो. मला मात्र त्या आकड्यापेक्षा त्याच्या पोटात काय काय दडलंय याची जास्त उत्सुकता असते. बीड (म्हणजे ओतीव लोखंड हो, जिल्हा नव्हे :-) ) आणि ॲल्युमिनियमच तर आहे सगळं. मग एक इंजिन काही हजारांत उभं राहतं आणि दुसरं बंगल्याच्या किमतीत, असं का?

याचं उत्तर शोधायला एक सोयीचं इंजिन हवं. असं, की जे शर्यतीच्या गाडीतही बसलं आणि अगदी रोजच्या भाड्याच्या गाडीतही. आणि गंमत म्हणजे असं इंजिन आपल्या डोळ्यांसमोरून हजारो वेळा गेलंय. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीतलं. हो, प्रीमियर पद्मिनी! हसू नका, पुढे वाचा.

तुरिन, १९३७

फियाट कंपनीनं १९३७ मध्ये '५०८ सी' नावाची गाडी बाजारात आणली. हिलाच पुढे '११००' म्हणू लागले. दान्ते जाकोसा हा तरुण इंजिनिअर या गाडीच्या कामात होता. चार सिलिंडर, प्रत्येकाचा बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५ मिलिमीटर. गुणाकार केलात तर १०८९ सीसी येतात. ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं, व्हॉल्व्ह वरून उघडणारे, क्रँकला तीन मेन बेअरिंगं. ताकद ३२ अश्वशक्ती. आजच्या हिशोबानं काहीच नाही, पण त्या काळच्या मध्यमवर्गीय गाडीसाठी चांगलंच होतं.

हे इंजिन साधं होतं, दणकट होतं आणि मुख्य म्हणजे इटलीत गल्लोगल्ली होतं. त्यामुळे ज्यांच्याकडे पैसा कमी आणि शर्यतीची खाज जास्त, अशा सगळ्यांनी त्याच्यावर हात साफ करून घेतले. खुद्द फियाटनं ५०८ सी एमएम नावाची वाऱ्याला चिरत जाणारी कूपे काढली, ४२ अश्वशक्तीची.

१९४० मध्ये एक गृहस्थ अल्फा रोमिओ सोडून आले होते. करारानुसार त्यांना स्वतःच्या नावानं काही वर्षं शर्यतीत उतरायची बंदी होती. म्हणून त्यांनी 'ऑटो आविओ कॉस्ट्रुझिओनी' अशा कुणाच्या लक्षात न येणाऱ्या नावाखाली '८१५' नावाची गाडी बनवली. आठ सिलिंडर, दीड लिटर. ब्लॉक खास ओतून घेतला, पण त्यावर हेड बसवली ती याच फियाट ११०० ची, दोन एकापुढे एक. एकूण दोन गाड्या बनल्या, त्या वर्षीच्या मिले मिलियात धावल्या आणि दोन्ही बंद पडल्या. त्या गृहस्थांचं नाव एन्झो फेरारी.

युद्ध संपल्यावर पिएरो दुसिओनं तुरिनमध्ये चिसितालिया कंपनी काढली. डी ४६ ही तिची शर्यतीची गाडी १९४६ ची, आराखडा पुन्हा जाकोसांचा, इंजिन पुन्हा हेच १०८९ सीसीचं, पण ताकद जवळजवळ दुप्पट काढलेली. १९४७ च्या मिले मिलियात उतारवयातले ताझिओ नुवोलारी चिसितालिया २०२ घेऊन उतरले आणि कितीतरी मोठ्या इंजिनांच्या गाड्यांना मागे टाकून दुसरे आले. याच २०२ ची पिनिन फरिनानं घडवलेली कूपे आज न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात आहे. नंतर १९५८ मध्ये इटलीत 'फॉर्म्युला ज्युनिअर' शर्यती सुरू झाल्या, तेव्हाही मोदेनाच्या स्टँगुएलिनीनं आपल्या गाड्यांत हेच इंजिन घातलं.

म्हणजे घराणं केवढं मोठं बघा. आता हे घराणं कुर्ल्याला कसं आलं?

कुर्ला, १९५४

यात आमच्या नाशिक जिल्ह्याचा थोडा हात आहे, निदान आम्ही तसं समजतो! शेठ वालचंद हिराचंद मूळचे सोलापूरचे, पण मालेगाव तालुक्यातलं रावळगाव त्यांनीच नावारूपाला आणलं. तिथला साखर कारखाना १९३३ चा. आमचं नांदगाव तिथून फार लांब नाही, त्यामुळे लहानपणी मला वालचंद म्हटलं की रावळगावची गोळीच आठवायची. मोटार नंतर कळली.

वालचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकन डॉज-प्लिमथ जोडायला सुरुवात केली. मग फियाटशी करार झाला. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशननं सरकारला सांगितलं की नुसते सुटे भाग आणून गाड्या जोडणाऱ्यांना इथे जागा नको, जे हळूहळू सगळे भाग इथेच बनवतील त्यांनाच परवानगी द्या. शिवडीला १९२८ पासून गाड्या जोडणाऱ्या जनरल मोटर्सनं गाशा गुंडाळला. प्रीमियर राहिली. त्याच वर्षी वालचंद गेले. १९५४ मध्ये फियाट ११०० ची नवी पिढी कुर्ल्यातून बाहेर पडू लागली, लोक तिला 'मिलिचेंतो' म्हणत. १९६४ मध्ये ११०० डी आली, १९७२ मध्ये तिचं नाव 'प्रीमियर प्रेसिडेंट' झालं आणि १९७४ मध्ये 'प्रीमियर पद्मिनी'. बाहेरचा पत्रा बदलला, नावं बदलली. बोअर ६८, स्ट्रोक ७५, तेच राहिलं. चिसितालियातलं इंजिन आता दादरहून व्हीटीला भाडं मारत होतं.

शर्यतीची हौसही इथे आलीच. मद्रासजवळ शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर या फियाट आणि स्टँडर्ड हेरल्ड जीव तोडून पळायच्या. कारण सोपं होतं, दुसरी गाडी होती कुठे?

दुसरी गाडी नव्हती म्हणून

आणि इथेच आपल्या खर्चाच्या गोष्टीला सुरुवात होते.

त्या काळात गाडी घ्यायची म्हणजे नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. १९६९ मध्ये सरकारनं मोटारींच्या किमती आदेश काढून ठरवल्या, त्यावर प्रीमियर सर्वोच्च न्यायालयात गेली. म्हणजे गाडीची किंमत किती असावी यावर देशाच्या सर्वात मोठ्या कोर्टात युक्तिवाद चालले होते! अशा परिस्थितीत इंजिन थकलं म्हणून गाडी बदलायची हा विचारच कुणाच्या डोक्यात येत नसे. इंजिन थकलं की 'काम' करायचं. दहा वर्षांनी पुन्हा काम. गाडी मुलाकडे गेली की अजून एकदा.

हे 'काम' म्हणजे नेमकं काय, ते थोडक्यात सांगतो, कारण बिल समजायला ते लागेल.

पिस्टन वर-खाली करताना सिलिंडरच्या भिंतीला बाजूनं दाब देतो. लाखभर किलोमीटरनंतर गोल भोक गोल राहत नाही, लंबगोल होतं, आणि वरच्या टोकाला जास्त झिजतं. रिंग मग नीट टेकत नाही. ऑइल वर चढतं, जळतं, मागून निळा धूर. गॅरेजच्या भाषेत 'गाडी ऑइल खाते'. उपाय म्हणजे इंजिन उतरवायचं, पूर्ण खोलायचं, आणि ब्लॉक मशीनवर चढवून भोक थोडं मोठं पण पुन्हा अचूक गोल करायचं. हा रीबोअर. मग त्या मापाचे मोठे पिस्टन घालायचे. समजा बोअर ६८ चा ६९ मिलिमीटर झाला, तर १०८९ सीसीचं इंजिन साधारण ११२२ सीसीचं होतं. जितकं म्हातारं तितकं मोठं :-)

भिंत मर्यादेपेक्षा पातळ झाली की आणखी मोठं भोक पाडता येत नाही. तेव्हा आत बिडाची नळी ठोकून बसवायची, म्हणजे लायनर, आणि ती पुन्हा ६८ ला आणायची. आमचं इंजिन परत १९३७ च्या मापावर! क्रँकचं तसं नाही. क्रँक घासून गुळगुळीत करतात तेव्हा तो दर वेळी बारीकच होतो, आणि त्याला जाड बेअरिंगं घालावी लागतात. ब्लॉकला नवा जन्म मिळतो, क्रँकला फक्त म्हातारपण. त्यामुळे अशा इंजिनाचं खरं वय बघायचं असेल तर क्रँकवर मायक्रोमीटर लावावा. आणि हेड ॲल्युमिनियमचं असल्यानं गाडी एकदा घाटात तापली की ते वाकतं. ते मशीनवर सपाट करायचं. मग व्हॉल्व्ह, सीट, गाइड, टायमिंगची साखळी, गॅसकेटं... यादी मोठी आहे.

या प्रत्येक पायरीसाठी एक वेगळा माणूस आणि एक वेगळं मशीन लागतं. बोअरिंगवाला वेगळा, क्रँक ग्राइंडिंगवाला वेगळा, हेड करणारा वेगळा, आणि सगळं परत जुळवणारा मिस्त्री वेगळा. मुंबईत हजारो टॅक्सी एकाच इंजिनाच्या असल्यामुळे ही सगळी माणसं दिवसभर तेच एक काम करत. एकाच मापाचे पिस्टन दुकानात रांगेनं. ब्लॉकला तडा गेला तर कुर्ल्याच्या भंगार बाजारात दुसरा ब्लॉक उचला. बिल कमी का? तर बोअरिंग मशीन, दुकानदाराचा साठा आणि मिस्त्रीनं शिकताना घालवलेली वर्षं, या सगळ्याचा खर्च हजारो गाड्यांत वाटला जात होता. आम्ही सॉफ्टवेअरवाले यालाच 'यूजर बेस' म्हणतो आणि फार मोठा शोध लावल्यासारखं मिरवतो.

दुसरं बिल

आता तेच इंजिन चिसितालियात आहे असं समजा. पायऱ्या त्याच आहेत. उतरवा, खोला, मापा, घासा, बसवा. भोक ६८ चंच. पण बिल वेगळं, कारण खर्च वाटून घ्यायला कुणी नाही.

ताकद वाढवण्यासाठी आतले भाग बदललेले, त्यामुळे दुकानातला पिस्टन चालत नाही, नमुना देऊन चार नग घडवून घ्यावे लागतात. चार नगांसाठी केलेली तयारी चारच नगांवर पडते. शिवाय या गाडीची किंमत तिच्या ब्लॉकवर ठोकलेल्या नंबरात असते. तडा गेला तर दुसरा ब्लॉक शोधून भागत नाही, तोच ब्लॉक सांधावा लागतो. आणि मिस्त्री असा हवा की ज्यानं हे आधी केलंय. असे लोक जगात थोडे, म्हणून त्यांचा तास महाग. फेरारींच्या ८१५ चं तर विचारूच नका. दोनपैकी एक गाडी नंतर भंगारात गेली. जी उरली तिला सुट्या भागांसाठी जगात दुसरी बहीण नाही.

आपल्या महाराष्ट्रातही याचं एक लहान उदाहरण आहे. अलिबागजवळच्या चिंकारा मोटर्सनं फायबरग्लासची दोन आसनी रोडस्टर बनवली. इंजिन घेतलं १.८ लिटरचं इसुझू, म्हणजे हिंदुस्तान मोटर्सच्या काँटेसात बसायचं तेच. हुशारीचा निर्णय. छोट्या कारखान्याला स्वतःचं इंजिन परवडत नाही, आणि काँटेसाचे भाग मिळत होते. पण काँटेसा २००२ च्या सुमारास बंद झाली. स्पोर्ट्स कार जगवायची तर आधी ती साधी गाडी जगायला हवी, ज्यातून तिचं हृदय घेतलं.

आता पद्मिनीची पाळी

इथपर्यंत वाचून वाटेल की चला, आपली पद्मिनी पहिल्या बिलातली, स्वस्तातली. होती. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि नंबर लावून थांबायचे दिवस हळूहळू संपले. नव्या गाड्यांची इंजिनं दोन-दोन लाख किलोमीटर न खोलता चालू लागली. पद्मिनीचं उत्पादन २००१ च्या सुमारास थांबलं. मुंबईत टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा लागू झाली, शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली होती, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावर काळी-पिवळी पद्मिनी नाही. वर्तमानपत्रांत हळवे लेख आले. सगळ्यांनी फोटो काढले.

मला त्या लेखांत एक गोष्ट कुठेच दिसली नाही. त्या दिवशी खर्च वाटून घेणारी शेवटची मोठी फौज गेली. म्हणजे उरलेल्या प्रत्येक पद्मिनीचं बिल पहिल्या रकान्यातून दुसऱ्या रकान्याकडे सरकायला लागलं.

याचा कागदोपत्री पुरावा माझ्याकडे आहे. आमच्या काकांची १९८४ ची पद्मिनी नांदगावला आहे. ती ऑइल खाते, आणि इंजिन करायचं की गाडी भंगारात द्यायची यावर घरात दोन तट आहेत. मनमाडच्या एका जुन्या मिस्त्रींकडून अंदाज घेतला. त्यांनी वहीच्या पानावर लिहून दिलं ते असं:

पिस्टन, रिंगा आणि लायनर, चार सिलिंडरचे: १६,०००
लायनर बसवणं, बोअर, होनिंग: ७,०००
क्रँक ग्राइंडिंग आणि बेअरिंगं: ८,५००
हेडचं सगळं काम, व्हॉल्व्हसकट: ९,५००
गॅसकेटं, टायमिंग, ऑइल पंप, वॉटर पंप: ११,०००
उतरवणं, बांधणं, बसवणं, मजुरी: १५,०००
ऑइल आणि किरकोळ: ५,०००

एकूण ७२,००० रुपये. पण गंमत आकड्यांत नाही. मजुरी आणि मशीनकाम त्यांनी पेनानं लिहिलंय. पिस्टन, बेअरिंगं आणि गॅसकेटं मात्र पेन्सिलीनं. मी विचारलं तर म्हणाले, "अरे, माझ्या हाताचा भाव मला माहितीये. सामानाचा भाव ज्याच्याकडे ते निघंल त्याला माहिती."

पेन्सिलीचे आकडे म्हणजेच दुसरं बिल. पद्मिनी आता हळूहळू चिसितालिया होतेय, फक्त कुणी तिला म्युझियममध्ये ठेवणार नाही.

पेनाचे आकडे तरी किती दिवस टिकतील? मनमाड-मालेगाव पट्ट्यात बोअरिंग आणि क्रँकची मशीनं अजून फिरताहेत ती ट्रक, टँकर आणि ट्रॅक्टरच्या जिवावर. मधूनच एखादं लहान पेट्रोल इंजिन आलं तर जुन्या कारागिराला त्याची मापं तोंडपाठ असतात. शिकाऊ पोराला ती शिकायचं कारणच उरलेलं नाही, आणि त्यात त्याची काही चूक नाही. या मिस्त्रींचा मुलगा मोबाइल दुरुस्त करतो आणि बापापेक्षा जास्त कमावतो.

सरकारी नियमांचीही एक गंमत आहे. २०२१ मध्ये केंद्रानं जुन्या गाड्यांसाठी 'व्हिंटेज' नोंदणी आणली. ५० वर्षांवरची, मूळ रूपातली गाडी असेल तर 'व्हीए' अक्षरांची वेगळी पाटी, नव्या नोंदणीला २०,००० रुपये शुल्क. चांगली सोय आहे. पण काकांची गाडी १९८४ ची, म्हणजे पन्नाशी २०३४ ला. तोवर ती कायद्याच्या नजरेत वारसा नाही, नुसती जुनी गाडी. आणि नेमक्या याच मधल्या वर्षांत तिचे सुटे भाग आणि ते बसवणारे हात दोन्ही संपणार. पन्नाशी गाठणाऱ्या गाड्या कोणत्या असतील? ज्यांच्या मालकांनी चाळिशीत, काही फायदा दिसत नसताना, इंजिनाचं काम करून घेतलं त्याच.

म्हणून घरातल्या भांडणात मी काकांच्या बाजूनं आहे. काकू म्हणतात त्या पैशात सोसायटीचा उरलेला हप्ता फिटेल, आणि हिशोबानं त्यांचंच बरोबर आहे. ७२,००० घालून गाडीची किंमत ७२,००० नं वाढणार नाही. पण मिस्त्री सत्तरीकडे झुकलेत. पाच वर्षांनी हाच निर्णय घ्यायचं ठरवलं तर पेनानं आकडे लिहून देणारं कुणी असेल का, हा हिशोब काकूंच्या वहीत नाही. तो मी त्यांना समजावून सांगितला. त्यांनी ऐकून घेतला आणि "मग निम्मे तू दे" म्हणाल्या!

असो. तर ३६,००० माझे ठरलेत. पुढच्या महिन्यात इंजिन उतरतंय. आधी क्रँकवर मायक्रोमीटर लावायचा, मग बाकीचं. त्या कुर्ल्याच्या क्रँकमध्ये अजून एकदा घासण्याइतकं लोखंड उरलंय का, ते तेव्हा कळेल. कुणाच्या माळ्यावर पद्मिनीचे न वापरलेले स्टँडर्ड मापाचे पिस्टन पडले असतील तर कृपा करून भंगारवाल्याला देऊ नका. मी येतो न्यायला, रविवारी मोकळाच असतो.